चौदा दिवस थांब

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या एका कोपऱ्यावर धनाजी बसतो, बॅगांची चाकं आणि चेन दुरुस्त करून देतो. महादेवप्पा मोठी निळी बॅग ओढत त्याच्याकडे गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बॅग नवीकोरी होती, पण तिचं एक चाक फिरत नव्हतं. तीन वर्षं माळ्यावर नुसती ठेवलेली. ठेवूनसुद्धा वस्तू बिघडते, हे चादरींच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

"कुटं निघालाय आप्पा एवढी मोठी बॅग घेऊन?" धनाजीनं विचारलं.

"जहाजावर."

"सोलापुरातनं जहाज?"

"मुंबईतनं रे बाबा! प्रभूनं तिकीट काढलंय. चौदा दिवस. गोवा, कोची, कोलंबो... अजून कुठं कुठं जातंय म्हणे."

"मजा हाय की मग. काकू बी..." एवढं बोलून धनाजीनं जीभ चावली आणि मान खाली घालून चाकात तेल सोडायला लागला. असं जीभ चावणं महादेवप्पांनी दोन वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं.

ही बॅग नीलम्मानं आणली होती. नीलम्मा म्हणजे महादेवप्पांची बायको, अक्कलकोटकडची, मराठी बोलली तरी मनातलं कानडीतच बोलणारी. तिनं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं. वर्तमानपत्रात कधीतरी जहाजाचा फोटो आला होता, सात मजली, पांढराशुभ्र. तो तिनं कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. डाळीचा डबा काढायला दार उघडलं की जहाज दिसायचं. तीन वर्षांमागं प्रभूनं, म्हणजे मुलानं, दोघांची तिकिटं काढली. तेव्हा महादेवप्पांनी काय केलं? लग्नसराई तोंडावर आहे, हैदराबादची ऑर्डर अडकलीय, म्हणून तिकिटं रद्द करायला लावली. "पुढच्या सीझनला जाऊ की," म्हणाले. त्याआधीही पंधरा वर्षं ते हेच म्हणत आले होते. नीलम्मा हसली आणि बॅग माळ्यावर ठेवून आली. पुढच्या सीझनला ती दवाखान्यात होती, आणि दिवाळीआधी गेली.

इथवरचं दुःख सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण महादेवप्पांच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती.

लिंगायताच्या गळ्यात त्याचं इष्टलिंग असतं. लहानपणी चांदीच्या डबीत घालून, दोऱ्यात बांधून गळ्यात येतं, आणि मग आयुष्यभर अंगावरून उतरत नाही. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा. एकाचं लिंग दुसऱ्यानं पूजेला घ्यायचं नसतं. माणूस गेला की त्याला रुद्रभूमीत मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि तसंच माती देतात. नीलम्माच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सनं बांगड्या आणि लिंगाची चांदीची डबी एका पिशवीत घालून महादेवप्पांच्या हातात दिली होती. रुद्रभूमीत विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी विचारलं, "आईंचं लिंग?" खड्ड्यात बसवलेल्या नीलम्माचा डावा हात तेव्हा पुढं आला होता, तळवा वर. पिशवी महादेवप्पांच्या खिशात होती. आणि ते म्हणाले, "दवाखान्यात कुठं पडलं कळलं नाही, स्वामी."

का म्हणाले असतील? तिची दुसरी काहीच वस्तू अशी नव्हती, जी जन्मभर तिच्या छातीशी राहिली होती. ती सगळीच्या सगळी मातीत जाणार, हे त्यांना त्या क्षणी सोसलं नाही. एवढंच. समाजात महादेवप्पांच्या शब्दाला मान. कुणी शंका घेतली नाही. स्वामींनी दुसरं लिंग मंत्रून तिच्या हातावर ठेवलं आणि माती पडली. घरी आल्यावर त्यांनी डबी कपाटात चादरींच्या मागं सरकवली. उद्या स्वामींना खरं सांगू, असं दोन वर्षं रोज म्हणत होते. सांगणं काही झालं नाही.

आता चौदा दिवस घर सोडून जायचं, तर सून कपाट आवरेल आणि डबी तिच्या हाताला लागेल. म्हणून त्यांनी ती शर्टाच्या आतल्या खिशात घातली. स्वतःची समजूतही घातली, की नीलाला समुद्र दाखवायला नेतोय. समजूत घालण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हता.

---

दोन दिवसांनी मुंबईच्या बंदरावर दुपारी एकच्या सुमाराला ही गर्दी. मोठा हॉल, थंडगार हवा, रांगा लावायला पट्टे. लोक लग्नाला आल्यासारखे नटलेले. महादेवप्पांच्या बॅगेला चिठ्ठी लावून कुणीतरी ती घेऊनही गेलं. चाक छान फिरत होतं. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा पासपोर्ट घेतला, कॅमेऱ्यात बघायला लावलं, आणि एक निळं कार्ड पुढं केलं. "सर, हे जपा. खोलीची किल्ली हीच, जेवायला हीच, खाली उतरताना-चढताना पण हीच. खोली सात हजार एकशे बेचाळीस. मॅडम आधीच वर गेल्यात."

"कोण मॅडम?"

"मिसेस नीलम्मा." तिनं पडद्यावर बघितलं. "बारा वाजून दहा मिनिटांनी चढल्यात."

महादेवप्पांना वाटलं, तीन वर्षांपूर्वीची नोंद काँप्युटरात तशीच राहिली असणार. दुकानातल्या काँप्युटरातही मेलेली गिऱ्हाइकं दर दिवाळीला शुभेच्छा घ्यायला जिवंत व्हायची. ते समजुतीनं म्हणाले, "जुनी नोंद असंल ताई. आमच्या मंडळी वारल्या. दोन वर्षं झाली."

मुलगी गोंधळली. "पण सर, फोटो आजचा आहे. मीच काढला. त्यांनी हात मध्ये धरला होता, खाली घ्या म्हटलं तरी घेतला नाही. म्हणून तसाच..." तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

फोटोत चेहरा नव्हताच म्हणा ना. हलल्यामुळं सगळं पुसटलेलं. हिरव्या इरकलीचा काठ तेवढा कळत होता. मात्र समोर धरलेला डावा तळहात स्वच्छ आला होता. रेघन्‌रेघ दिसत होती. अंगठ्याच्या खाली लांबट पांढरा डाग होता, होळगीच्या, म्हणजे पुरणपोळीच्या तव्याचा, लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याचा. तळहात मोकळा होता.

मागून रांगेतला माणूस म्हणाला, "चला काका, पुढं चला." महादेवप्पा पुढं चालले. पाय त्यांचेच होते, पण चालवत दुसरंच कुणी असावं अशी त्यांची गत झाली. लांबलचक उतरत्या पुलावरून लोखंडी दारापर्यंत आले. कार्ड टेकवलं, यंत्र टिंग वाजलं, आणि ते जहाजात शिरले. आत अत्तराचा आणि नव्या गालिच्यांचा वास. कुणीतरी गळ्यात मण्यांची माळ घातली, कुणीतरी सरबत दिलं. परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं. पण परत जाऊन सांगायचं काय? प्रभूला काय सांगायचं?

सातव्या मजल्यावरचा बोळ इतका लांब, की त्याचं टोक दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. महादेवप्पांच्या दारासमोर एक पस्तिशीचा माणूस टॉवेलांची गाडी घेऊन उभा होता. छातीवरच्या पट्टीवर जोतिराम लिहिलेलं.

"नमस्कार आप्पा! मी तुमच्या खोलीचा. कंच्या गावचं?"

"सोलापूर."

"आवो, मग आपलंच की! मी सांगोल्याकडचा. बाप मेंढरं राखतुय अजून, आन् मी हितं समुद्रात गाद्या घालतुय." तो मनमोकळा हसला. पाच वर्षं जहाजावर होता, पण भाषा माणदेशातच राहिली होती. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई कवाच्या येऊन बसल्यात. मी म्हनलं खुर्चीवर बसा, तर न्हाय. गादीवरच मांडी घालून बसल्यात. काय पायजे म्हनून इचारलं, पानी दिऊ का, च्या आनू का... तर बोलत न्हाईत. नुसता हात फुडं करत्यात. लई दमल्यात वाटतं परवासानं."

"तू... बघितलंस?"

"व्हय की. दोनदा आलो." जोतिरामनं दार उघडून दिलं आणि बाजूला झाला.

खोलीत कुणी नव्हतं. पांढऱ्या चादरीचा मोठा पलंग, आरसा, भिंतीतली छोटी तिजोरी, पलीकडं काचेचं दार आणि गॅलरी. गॅलरीबाहेर बंदराचं मातकट पाणी उन्हात चमकत होतं. सगळं कसं परीटघडीचं. फक्त पलंगाच्या उजव्या बाजूला चादर दबलेली होती. गोल नव्हे, मांडी घालून बसलेल्या माणसाचे दोन्ही गुडघे आणि बैठक जिथं टेकते, तसा तो दाब होता. आणि वास येत होता. अत्तराचा नाही, एसीचा नाही. ओल्या काळ्या मातीचा, नुकत्याच उकरलेल्या, त्यात बेलपाल्याचा.

"आई बाथरूममदी असतील," जोतिराम म्हणाला, आणि गाडी ढकलत पुढच्या दाराकडं गेला.

बाथरूमचं दार सताड उघडं होतं. आत दिवाही लागलेला नव्हता.

महादेवप्पा बराच वेळ दाराला पाठ लावून उभे राहिले. मग त्यांनी माणसं करतात ते केलं. बॅग आली होती, ती उघडली. शर्ट हँगरला लावले, गोळ्यांचा डबा आरशापुढं ठेवला, सुनेनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी कप्प्यात ठेवली. हे करताना ते पलंगाकडं एकदाही बघत नव्हते. शेवटी पूजेची पिशवी काढली आणि सवयीनं ती पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवली. उजवी बाजू नीलाची, हे पन्नास वर्षांचं ठरलेलं होतं.

---

चार वाजता भोंगा झाला. सात वेळा आखूड, एकदा लांब. जहाज सुटण्याआधी सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकायचं, असा नियम असतो. महादेवप्पा लोकांमागून चौथ्या मजल्यावरच्या मोकळ्या सज्जात गेले. ओळी करून उभं केलं होतं, खांद्याला खांदा लागेल इतकं दाटीनं. तरी त्यांच्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी राहिली. मागच्या बाई पुढं सरकायला गेल्या आणि "सॉरी हं, तुम्ही आहात होय," असं त्या मोकळ्या जागेला म्हणून मागं झाल्या.

हातात यंत्र घेतलेली एक अधिकारी मुलगी ओळीतून आली. महादेवप्पांचं कार्ड टेकवलं, मग त्यांच्या डावीकडं बघून मान हलवली, तिथंही यंत्र धरलं. टिंग वाजलं. "बेचाळीस, दोघं," ती सोबत्याला म्हणाली.

तेवढ्यात मातीचा वास आला, आणि दंडाला इरकलीचा काठ लागला. तो खरखरीत काठ त्यांनी लाखात ओळखला असता.

आता इथं कुणाचीही भीतीनं गाळण उडाली असती, आणि महादेवप्पांचीही आधी उडालीच. त्यांनी कठडा धरला. पण भोंगा थांबला, दोर सुटले, एवढं मोठं धूड जागचं हललं, आणि मुंबईच्या इमारती हळूहळू मागं सरायला लागल्या. सगळा सज्जा टाळ्या वाजवायला लागला. दंडाला लागलेला काठ तसाच होता. आणि महादेवप्पांच्या मनात अचानक आलं, आली! नीला आली. माझ्यावर रुसून बसली नाही. इतकी वर्षं झुलवलं, तरी जहाज बघायला माझ्यासोबत आली.

त्यांचे डोळे भरून आले. समोर पाणी उघडं पडत चाललं होतं, दोन्ही बाजूंचा किनारा आखडत होता. "बघ," ते पुटपुटले, "तळ्यापेक्षा मोठं आहे की नाही?"

डाव्या बाजूनं एक हात पुढं आला. तळवा वर. पाण्याकडं नाही, त्यांच्या छातीकडं, शर्टाच्या आतल्या खिशाकडं.

महादेवप्पांनी खिशावर हात दाबून धरला.

---

साडेपाचला ते खोलीत आले. गॅलरीतून तिरपं ऊन आत पडलं होतं, पाण्याची चमक छतावर हलत होती. चादर पुन्हा दबलेली. या वेळी महादेवप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं, चपला काढल्या आणि पलंगाच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले. रोज सकाळी देवघरात दोघं असेच बसायचे.

"नीला," ते कानडीत म्हणाले. घरात दोघं कानडीतच बोलायचे. "मी खोटं बोललो. स्वामींसमोर, मुलासमोर. तुझं माझ्याजवळच होतं."

खालून इंजिनाची बारीक थरथर तेवढी येत होती.

"मला सगळंच्या सगळं द्यायला जमलं नाही गं. तुला राग आला असंल..."

चादरीवरचा दाब किंचित पुढं झुकला. मातीचा वास दाटला. आणि त्यांना स्पष्ट कळलं, की डबी काढून त्या बाजूला ठेवायची, एवढंच काम आहे. तेवढ्यासाठी ती आली आहे. जहाजासाठी नाही, समुद्रासाठी नाही, आणि त्यांच्यासाठी तर नाहीच. स्वामींनी दिलेलं लिंग तिचं नव्हतंच; रिकाम्या हातानं तिला पुढं जाता येत नाही, आणि तो हात रिकामा त्यांनी ठेवलाय. डबी दिली की ती उठून जाईल.

त्यांनी डबी बाहेर काढली. चांदी काळवंडली होती, पण मुठीत ऊबदार लागत होती. हात अर्धा पुढं गेलाही.

तिथं थांबला.

काय करायचं अशा माणसाला! पंधरा वर्षं बायकोला उद्यावर ढकललं, त्याचा पस्तावा दोन वर्षं उराशी बाळगला, आणि आता समोर मागायला बसली आहे तर हा गडी पुन्हा तेच म्हणाला.

"चौदा दिवस थांब," महादेवप्पा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "एवढं फिरू दोघं. कोलंबो बघू. तू जेवायला माझ्या शेजारी बस. परत मुंबईला लागलं, की त्याच दिवशी देतो. शप्पथ. आत्ता दिलं तर तू जाशील... मी एकटा काय करू इथं चौदा दिवस? थांब की गं. चौदाच दिवस."

बोलता बोलता ते उठले. भिंतीतल्या तिजोरीत डबी ठेवली, लग्नाचं साल दाबून कुलूप लावलं. वळून बघितलं तर चादरीवरचा दाब सावकाश भरून येत होता. एक गुडघा, मग दुसरा, मग मधली बैठक. मिनिटाभरात चादर सपाट झाली. वासही विरला.

महादेवप्पांना वाटलं, ऐकलं तिनं. नेहमी ऐकायची, तसंच. मनावरचा दगड उतरला. त्यांनी आंघोळ केली, स्वच्छ पांढरा सदरा घातला, केस विंचरले. आरशात स्वतःकडे बघून चक्क हसले. बाहेर पाणी सोनेरी, मग तांबडं, मग निळं होत गेलं. साताला जोतिराम टॉवेल बदलायला आला.

"जोतिराम, गॅलरीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावून दे. आम्ही उद्या सकाळी चहा तिथं घेणार."

जोतिराम चाचरला. "आप्पा... आई गेल्या की."

"कुठं गेल्या?"

"बोळातनं गेल्या. म्या गाडी बाजूला घेतली. सहाच्या आदी. रागात न्हवत्या, पर मागं बी बघितलं न्हाय. तवा हात बंद हुता त्यांचा. मूठ वळल्याली." त्यानं आपली डावी मूठ छातीशी धरून दाखवली. "मला वाटलं, तुमी दिलं जे काय पायजे हुतं त्ये."

तो गेला तसे महादेवप्पा धावत तिजोरीकडं गेले. घाईत दोनदा साल चुकलं, तिसऱ्यांदा कुलूप उघडलं. डबी तिथंच होती. काळवंडलेली, आत लिंग, लिंगावर वाळलेल्या विभूतीचे तीन पट्टे. तिचं इथं आहे. मग मुठीत काय होतं?

फोन वाजला. जहाज अजून किनाऱ्याच्या फार लांब गेलं नव्हतं, एक-दोन रेघांची रेंज होती. सून होती, धनलक्ष्मी.

"मामा, बसलात का नीट जहाजावर? खोली चांगली आहे ना?"

"हो... चांगली आहे. बोल की."

"मामा, तुम्हाला सांगायचं नव्हतं आत्ता, पण..." ती अडखळली. "तुम्ही गेल्यावर सासूबाईंच्या समाधीला दगडी कट्टा बांधून घ्यायचा असं यांनी ठरवलं होतं. तुम्ही परत आल्यावर दाखवायचा म्हणून. आज काम सुरू केलं. साडेपाचला माणसं चहाला गेली, आणि येऊन बघतात तर शेजारी एक खड्डा. कुणी खणला कुणाला माहीत नाही. हातानं उकरल्यासारखा आहे. त्याच्यात एक चांदीची डबी सापडली, लिंगाची. उघडली नाही आम्ही, दुसऱ्याचं उघडत नाहीत ना. पण खाली अक्षरं कोरलीत. म आणि सि, तुमचं नि तुमच्या वडिलांचं अक्षर. तुमच्या डबीवर अशीच आहेत ना, मामा?"

महादेवप्पांचा हात गळ्याकडं गेला. दोरा होता. आयुष्यभराचा, तुपानं आणि घामानं मऊ झालेला. गाठही तशीच, पक्की, कुणी न सोडलेली. दोऱ्याला खाली काहीच नव्हतं.

"मामा? तुमचं गळ्यात आहे ना?"

"आहे," ते म्हणाले.

पलीकडून धनलक्ष्मी हळूच म्हणाली, "मग हे कुणाचं?"

फोन कानाला तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हातात नीलम्माची डबी घेतली आणि गॅलरीचं काचेचं दार ढकललं. वारा आत घुसला. "घे, नीला," ते म्हणाले. "घे गं. आत्ता घे. नको चौदा दिवस." त्यांनी हात लांब केला, खोलीकडं, मग पलंगाकडं, मग त्या लांब बोळाकडं. दुपारी सज्जात हा हात पुढं झाला असता, अगदी साडेपाचलाही झाला असता, तर तिनं घेतलं असतं. आता घेणारं तिथं कुणी नव्हतं.

"कुणाशी बोलताय, मामा?"

"कुणाशी नाही. तुम्ही... तुम्ही तो खड्डा बुजवा आधी."

"बुजवला की. दोनदा बुजवला." तिचा आवाज तुटक येऊ लागला होता. "माती ओढून वरनं धुमसली सुद्धा. पाठ वळली की पुन्हा तेवढाच. गवंडी काम टाकून गेला... हे एकटेच थांबलेत तिथं कंदील घेऊन. स्वामींना बोलावलंय."

"केवढा आहे गं?" महादेवप्पांनी विचारलं.

वाऱ्याच्या आवाजातून तिचे शब्द एकेक करून आले.

"एक माणूस मांडी घालून बसेल एवढा... आणि मामा, आत बेलाची पानं अंथरलीत. ताजी आहेत."